लहानपणी पचणारं दूध चाळिशीत का पचत नाही?

सुदामानगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे यजमान अडतीस वर्षांचे. पेलाभर दूध घेतलं की तासा-दीड तासात पोट फुगतं, गुरगुरतं, कधी जुलाबही होतात. दही, ताक, चहा मात्र व्यवस्थित चालतो. सासूबाई सत्तरीच्या, रोज रात्री हळद घालून पेलाभर दूध घेतात आणि त्यांना काहीही होत नाही. त्यांचं म्हणणं असं, की हा लहानपणी लोटाभर दूध प्यायचा, मधे सवय मोडली, पुन्हा रोज घेतलं की पचायला लागेल. या कोजागरीला त्यांनी आग्रहाने दोन वाट्या मसाला दूध दिलं आणि रात्रभर त्रास झाला. ताईंचे प्रश्न तीन: हा आजार आहे का, सवयीने जाईल का, आणि सात वर्षांच्या मुलीचं दूध आत्तापासून बंद करावं का?

इंदूरमध्ये पोटाच्या विकारांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतो आहे. हे प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतात, की एकदा नीट, सविस्तर उत्तर लिहावं असं वाटत होतं.

ताई, हा आजार नाही. तुमच्या यजमानांचं आतडं जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या आतड्यासारखंच वागतं आहे. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर पूर्णपणे पचवता येत नाही. जीवशास्त्राच्या हिशेबात वेगळ्या आहेत त्या तुमच्या सासूबाई.

दुधात जी साखर असते तिचं नाव लॅक्टोज. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधात ती शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅमच्या आसपास असते, आईच्या दुधात त्याहून जास्त, सुमारे सात ग्रॅम. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन छोट्या साखरा जोडून लॅक्टोजचा रेणू बनतो. हा जोड जसाच्या तसा रक्तात शिरू शकत नाही. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म अंकुर असतात, त्यांच्या पृष्ठभागावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते हा जोड तोडतं. लॅक्टेज कमी पडलं की न तुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते. जाताना पाणी ओढून घेते, म्हणून पातळ शौचाला होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन तयार होतो, म्हणून फुगणं आणि गुरगुरणं. यजमानांना तासा-दीड तासाने त्रास सुरू होतो, तो दुधाच्या या प्रवासाला लागणारा वेळ आहे.

वासरू, मांजराचं पिल्लू, माणसाचं बाळ, सगळी जन्मतः भरपूर लॅक्टेज घेऊन येतात, कारण तेव्हा दूध हेच अन्न असतं. अंगावरचं पिणं सुटलं की सस्तन प्राण्यांचं शरीर हे एन्झाइम बनवणं कमी करत नेतं. जे अन्न पुढे मिळणारच नाही त्याच्यासाठी प्रथिनं खर्च करण्यात अर्थ नसतो. माणसाच्या इतिहासाचा जवळजवळ सगळा काळ असाच गेला. प्रौढ माणसाने दुसऱ्या प्राण्याचं दूध प्यावं ही गोष्ट जनावरं माणसाळल्यानंतरची, म्हणजे फार तर दहा हजार वर्षांतली. त्यामुळे 'लहानपणी लोटाभर प्यायचा आणि आता पचत नाही' यात विसंगती काहीच नाही. बहुतेक माणसांत हे असंच घडायचं असतं. दोन-तीन वर्षांच्या वयानंतर कधीतरी लॅक्टेज उतरायला लागतं आणि मोठेपणी बाळपणाच्या दहाव्या हिश्श्याइतकं किंवा त्याहूनही कमी उरतं. किती वयात उतरेल हे माणसागणिक आणि समाजागणिक बदलतं.

सासूबाईंना मग सत्तरीतही दूध कसं पचतं? इथे आनुवंशिकतेचा भाग येतो. लॅक्टेज बनवण्याची कृती सांगणारं जनुक आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. गंमत अशी, की दूध पचणाऱ्या आणि न पचणाऱ्या माणसांत या जनुकातला मजकूर सारखाच असतो. फरक असतो त्याच्या अलीकडे डीएनएच्या सुमारे चौदा हजार अक्षरांवर, शेजारच्या एमसीएम-६ नावाच्या जनुकाच्या पोटात. तिथे लॅक्टेज चालू-बंद करणारं एक बटण आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं, की १३,९१० व्या जागी 'सी' या अक्षराऐवजी 'टी' असेल तर हे बटण वयाबरोबर बंद होत नाही. आई-वडिलांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एकीत जरी 'टी' असला तरी बहुतेक वेळा रोजच्या दुधाला पुरेल इतकं लॅक्टेज आयुष्यभर बनत राहतं.

म्हणूनच आईला पचतं आणि मुलाला पचत नाही, हे एकाच घरात सहज होऊ शकतं. सासूबाईंकडे बहुधा एक 'टी' आणि एक 'सी' प्रत असेल, मुलाकडे 'सी' गेली असेल आणि वडिलांकडूनही 'सी'च आली असेल. ताई, सासरे दूध प्यायचे का टाळायचे, हे सासूबाईंना एकदा विचारून बघा. अशा घरांमध्ये 'त्यांना दुधाचा वासही नको असायचा' हे उत्तर मला अनेकदा मिळालेलं आहे.

हा बदल जगात एकदाच झाला असता तर योगायोग म्हणता आला असता. पण २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या समाजांवरचं काम प्रसिद्ध झालं. केनिया आणि टांझानियात तेच बटण चालू ठेवणारा बदल सापडला, पण वेगळ्या जागी, १४,०१० व्या अक्षराशी. अरबस्तानातल्या उंटपाळांत आणखी तिसरी जागा, १३,९१५. एकमेकांशी संबंध नसलेल्या पशुपालक समाजांत एकच क्षमता वेगवेगळ्या वाटांनी आली आणि थोड्या काळात पसरली. माणसाची उत्क्रांती संस्कृतीच्या पाठोपाठ कशी चालते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

भारतात काय परिस्थिती आहे? १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या केंद्रात तपासलेल्यांपैकी २७.४ टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नव्हतं, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीच्या केंद्रांमध्ये हेच प्रमाण ६६.६ टक्के होतं. पुढे देशभरातल्या समाजांचे नमुने घेऊन झालेल्या जनुकीय अभ्यासातही असाच उतार दिसला. वायव्येला 'टी' प्रतीचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ते कमी कमी होत जातं. मधे ठळक अपवाद आहेत, उदाहरणार्थ निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा, दक्षिणेत असूनही त्यांच्यात हे प्रमाण बरंच आहे. भारतातला हा 'टी' युरोपातल्या 'टी'शी एकाच मुळातला निघाला, म्हणजे तो इथे नव्याने उपजला नाही, माणसांबरोबर आला.

आपण इंदूरचे मराठी लोक या नकाशात कुठे बसतो, हे आडनावावरून सांगता येत नाही. होळकरशाहीत कुणी देशावरून आलं, कुणी कोकणातून, नंतर इथल्या सोयरिकी झाल्या. एकाच वाड्यातल्या दोन सख्ख्या भावांमध्येही फरक असू शकतो. त्यामुळे 'आपल्या घराण्यात सगळ्यांना दूध पचतं' या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

आता मला सगळ्यात जास्त ओढ लावणारा भाग. दूध पचवायची क्षमता इतक्या वेगाने पसरली कशामुळे? साधा तर्क असा, की दूध पौष्टिक, म्हणून ज्यांना पचलं ते जगले. पण पुरावा या तर्काशी जुळत नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या जवळपास नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांत दुधाची स्निग्धता मुरलेली सापडली आहे. आपल्याकडे कच्छमधल्या कोटडा भडली या हडप्पाकालीन वस्तीतल्या खापरांतही ती मिळाली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. म्हणजे माणूस दूध फार आधीपासून वापरत होता. युरोपातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या हाडांमधलं डीएनए तपासलं तेव्हा मात्र 'टी' जवळजवळ नाहीच. उत्तर जर्मनीत टोलेन्झ नदीकाठी सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. तिथे पडलेल्यांच्या सांगाड्यांत आठातल्या एकाकडेच ही क्षमता होती. आज त्या भागातल्या बहुतांश लोकांकडे आहे.

मधली हजारो वर्षं लोक काय करत होते? दही लावत होते, लोणी काढत होते, चीज करत होते. आजही मंगोलियात लोक दुधावर जगतात, पण लॅक्टेज टिकवणारी माणसं तिथे थोडी. घोडीचं दूध ते आंबवून पितात आणि आंबवताना जिवाणू साखरेचा बराचसा भाग आधीच संपवतात.

मग नैसर्गिक निवड कशाने झाली, म्हणजे दूध पचणारे इतरांपेक्षा जास्त का टिकले, यावर बरेच तर्क झाले. उत्तर युरोपात ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, म्हणून दुधातलं कॅल्शियम महत्त्वाचं ठरलं असावं, हा १९७३ सालचा तर्क. तो आफ्रिकेला आणि अरबस्तानाला लागू पडत नाही, कारण तिथे उन्हाला तोटा नाही. कोरड्या प्रदेशात दूध हे निर्जंतुक पाण्यासारखं उपयोगी पडलं असावं, हा दुसरा. आणि २०२२ मध्ये एका मोठ्या गटाने हजारो खापरांतले अवशेष, जुने डीएनए आणि आजच्या ब्रिटनमधल्या लाखो लोकांची माहिती एकत्र मांडून तिसरं उत्तर दिलं. धडधाकट माणसाला न पचलेल्या लॅक्टोजने फार तर पोट फुगतं, जुलाब होतात, त्याने कुणी मरत नाही. पण पिकं बुडाली, दही-चीज संपलं, उरलं ते फक्त ताजं दूध, आणि पिणारा आधीच उपाशी आणि कृश असेल तर तेच जुलाब जिवावर बेततात. रोगराईच्या साथीतही तसंच. म्हणजे चांगल्या वर्षांत निवड जवळजवळ थांबलेली आणि दुष्काळात एकदम कठोर.

मला हे उत्तर सगळ्यात पटतं. जुलाबाने शरीरातलं पाणी गेलेली कुपोषित मुलं मी वॉर्डात पाहिलेली आहेत. ज्याच्या अंगात आधीच काही शिल्लक नाही, त्याच्या बाबतीत एका दिवसाच्या जुलाबाचा परिणाम काय होतो, हे ज्याने पाहिलं त्याला या तर्काचं वजन लगेच कळतं. माळव्याला 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणतात, म्हणजे इथे पावलोपावली भाकरी आणि पाणी. कोरड्या महिन्यांत उंट आणि मेंढ्या घेऊन राजस्थानातून इथे उतरणारे रेबारी ज्या मुलखातून येतात, तिथे मात्र पीक बुडणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट होती. वायव्येला 'टी' जास्त टिकला, याचा विचार करताना मला तो मुलूख आठवतो.

सासूबाईंच्या सवयीच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. रोज दूध प्यायल्याने आतड्यातलं लॅक्टेज वाढत नाही. बटण एकदा बंद झालं की आग्रहाने चालू होत नाही. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू बदलतात. १९९६ च्या एका अभ्यासात लॅक्टोज न पचणाऱ्या माणसांना ते थोडं थोडं वाढवत रोज दिलं, तेव्हा काही दिवसांत त्यांच्या श्वासातला हायड्रोजन लक्षणीय घटला आणि वायूचा त्रासही कमी झाला. म्हणजे सवय होते, पण ती जिवाणूंची. आणि ती अर्ध्या कपापासून हळूहळू लावायची असते, कोजागरीच्या दोन वाट्यांनी नव्हे.

आता मात्रेबद्दल, कारण यजमानांचं रोजचं जगणं यावर ठरणार आहे. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर दूध, जेवणासोबत घेतलं तर फारसा त्रास न होता चालतं. १९९५ मध्ये अमेरिकेत 'आम्हाला दूध अजिबात चालत नाही' असं सांगणाऱ्या तीस जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना रोज एक पेला दूध दिलं, कधी साधं, कधी लॅक्टोज तोडलेलं, आणि कोणतं कधी हे सांगितलं नाही. दोन्ही वेळच्या त्रासात नगण्य फरक निघाला. तीसपैकी नऊ जणांना तर लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं. या प्रयोगाचा अर्थ लोक खोटं बोलतात असा नाही. पोटाच्या त्रासाची कारणं अनेक असतात आणि दूध चटकन डोळ्यांवर येतं, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो.

मग कोजागरीला काय झालं? मसाला दूध आटवलेलं असतं. दोन लिटरचं दीड लिटर केलं तर पाणी उडतं, लॅक्टोज तिथेच राहतं, शंभर मिलिलिटरला साडेसहा ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या म्हणजे तीनशे मिलिलिटर धरले तर जवळजवळ वीस ग्रॅम, तेही मध्यरात्री, रिकाम्या पोटी. सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, कढईचं दूध, रबडी, मावा बाटी यांचं गणित याच दिशेने जातं. मावा म्हणजे दूध चार-पाच पट आटवलेलं, शंभर ग्रॅम माव्यात वीस ग्रॅमपेक्षा जास्त लॅक्टोज सापडेल. दुसऱ्या गावाहून आलेले पाहुणे आपली इंदुरी शिकंजी लिंबूपाणी समजून मागवतात. ती आटवलेल्या दुधाची असते, यजमानांनी ती अर्धी घ्यावी.

उलट बाजूला दही. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच वापरतात, आणि उरलेला तोडायला त्यांचं स्वतःचं एन्झाइम आपल्या आतड्यात उपयोगी पडतं. म्हणून यजमानांना दही चालतं. ते ताजं आणि घरचं असावं. चक्का बांधताना पाण्याबरोबर लॅक्टोज निथळून जातं, त्यामुळे श्रीखंड बासुंदीपेक्षा कितीतरी सौम्य. पनीर तसंच. तुपात लॅक्टोज नाममात्र. चहात पन्नास-साठ मिलिलिटर दूध जातं, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. सायीचं दूध पोटातून हळू पुढे सरकतं, म्हणून काहींना साय काढलेल्या दुधापेक्षा तेच बरं वाटतं. देशी गाईचं ए-टू दूध महाग घेतलं तरी त्यात लॅक्टोज तेवढंच असतं, या त्रासासाठी ते घेऊ नका. लॅक्टोज तोडलेलं दूध बाजारात मिळतं, थोडं गोड लागतं कारण सुट्या साखरा जास्त गोड असतात. कॅल्शियम आणि प्रथिनं त्यात कमी होत नाहीत.

कॅल्शियमची काळजी खरी आहे. प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं. दूध सगळं बंद करून त्याजागी काहीच न घेणारे लोक मला जास्त चिंतेत टाकतात. दही, पनीर, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या हे ताटात नियमित हवं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. यजमानांचा त्रास जुना आणि हळूहळू आलेला असेल तर घाबरू नका. पण दूध आधी उत्तम पचत होतं आणि काही महिन्यांत एकदम चालेनासं झालं, सोबत वजन घटतंय, हिमोग्लोबिन उतरलंय, रात्री झोपेतून जुलाबासाठी उठावं लागतंय किंवा शौचात रक्त दिसतंय, तर फक्त दूध बंद करून बसू नका. गव्हामुळे होणारा सिलिअक आजार, जिआर्डियासारखे परजीवी, आतड्याचा क्षयरोग, यांत अस्तर खराब होतं आणि लॅक्टेज त्यासोबत जातं. आपण गहू खाणाऱ्या पट्ट्यात राहतो, सिलिअकची रक्तचाचणी सोपी आहे, ती करून घ्या. साध्या अतिसारानंतरही काही आठवडे दूध पचत नाही, ते आपोआप सुधारतं.

खात्री हवी असेल तर दोन आठवडे दूध आणि मावा पूर्ण बंद ठेवा, मग एक पेला घेऊन बघा. तरीही शंका राहिली तर श्वासाची हायड्रोजन चाचणी असते. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात, दर अर्ध्या तासाने तीन तासांपर्यंत श्वास मोजतात, आणि हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत वीस भाग) वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं ठरतं. आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर चाचणी पुढे ढकला, निकाल चुकतो.

मुलीचं दूध बंद करू नका. तिला बाबांकडून 'सी' मिळणार हे जवळपास नक्की, पण तुमच्याकडून 'टी' मिळाला असू शकतो. तुम्ही फक्त चहा घेता की पेलाभर दूधही आरामात पिता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दूध पचत असेल तर तिला 'टी' मिळण्याची शक्यता निदान निम्मी आहे. सध्या सात वर्षांच्या वयात ती पेलाभर पिते आणि खेळते, तर तेच चालू राहू द्या. पुढे कधी ती स्वतःहून दूध नको म्हणायला लागली, शाळेत पोट दुखतं म्हणू लागली, तर तिला रागावू नका आणि सासूबाईंनाही तसं सांगा. तेव्हा पेला अर्धा करा, जेवणासोबत द्या, आणि दुपारच्या डब्यात दही वाढवा.